कोणतेही पाच घटक लिहा (५ गुण)

एकतीस वर्षं मी एकच प्रश्न विचारत आले. तसे प्रश्न पुष्कळ विचारले, 'गृहपाठ कुठाय?' हा तर रोजच. पण सहामाहीच्या पेपरात न चुकता यायचा तो एकच : 'वनस्पतींच्या वाढीवर परिणाम करणारे कोणतेही पाच घटक लिहा.' पाच गुण. उत्तर माझ्या वहीत तयार होतं. सूर्यप्रकाश, पाणी, हवा, माती, तापमान. 'सूर्यप्रकाश'मधला सू ऱ्हस्व काढला की अर्धा गुण कट. त्या अर्ध्या अर्ध्या गुणांची बेरीज केली, तर दोन तुकड्या सहज पास झाल्या असत्या.

एवढ्या वर्षांत मी स्वतः किती भाज्या पिकवल्या? एकही नाही. भाजी मंडईत पिकते अशीच माझी सोयीची समजूत होती. जास्वंदीच्या फुलाचा उभा छेद मी रंगीत खडूंनी फळ्यावर असा काढायची, की तपासणीला आलेले साहेब मान डोलवायचे. घरातली तुळस मात्र सासूबाईंच्या भरवशावर.

जानेवारीअखेर निवृत्त झाले. शाल, श्रीफळ, भाषणं. 'बाईंनी कोवळी रोपटी जोपासली' हे वाक्य तिघांच्या भाषणात आलं, चौथ्यानं थेट वटवृक्ष केला. ते ऐकून मला खरंच वाटायला लागलं, की आपल्याला हे येतं. एकतीस वर्षांची रोपटी जोपासली, तिथं टोमॅटो म्हणजे किस झाड की पत्ती!

आमची इमारत साताऱ्यात, चार मजली, जुनी, लिफ्ट नसलेली. गच्चीवरून एका बाजूला अजिंक्यतारा, दुसऱ्या बाजूला यवतेश्वरचा डोंगर, आणि जिथं पूर्वी सूर्योदय दिसायचा तिथं आता एक आठ मजली इमारत दिसते. सोसायटीकडे रीतसर अर्ज केला. तासभर चर्चा होऊन मला पाण्याच्या टाकीमागचा कोपरा मंजूर झाला. सहा फूट बाय दहा फूट. अटी अशा : स्लॅब गळता कामा नये, चिखल होता कामा नये, डास होता कामा नयेत, आणि 'उत्पन्नातील योग्य तो वाटा सर्व सभासदांना मिळावा.' शेवटची अट वाचून मला गुदगुल्या झाल्या. उत्पन्न येणार याची सभासदांना माझ्याहून जास्त खात्री होती.

आता घटक क्रमांक एक. फळभाजीला दिवसाला सहा ते आठ तास थेट ऊन लागतं, पालेभाजीचं चारेक तासांवर भागतं. आपल्याकडे ऊन किती येतं हे मात्र सहसा कुणी मोजत नाही. 'भरपूर येतं की', असं आपण सांगतो. 'घरी भरपूर अभ्यास करतो की', असं पालक सांगायचे त्याच सुरात. मी मोजायचं ठरवलं. खडूंची पेटी घरी आणलेलीच होती. एका रविवारी सकाळी सातपासून दर तासाला गच्चीवर गेले, टाकीच्या सावलीची कड खडूनं आखली आणि शेजारी वेळ लिहिली. संध्याकाळपर्यंत गच्चीवर रेघांचं जाळं. निष्कर्ष : माझ्या कोपऱ्यात ऊन पावणेअकराला येतं आणि अडीचला जातं. पावणेचार तास. मेथी काठावर पास, टोमॅटो नापास.

सोमवारी सकाळी इमारतीत दोन तट पडले होते. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या मते ही करणी होती, कारण आकडे एकाखाली एक लिहिलेले होते. तळमजल्यावरच्या काकांना संशय, की कुणी तरी बिल्डर गुपचूप गच्चीची मोजणी करून गेलाय. मी खरं काय ते सांगितलं, ते दोन्ही तटांना पटलं नाही.

कुंड्या मग मी हळूच गच्चीच्या मधोमध सरकवल्या. तोवर मार्च उजाडला होता आणि मार्च म्हणजे वाळवण. सूर्यप्रकाशासाठी वनस्पतींमध्ये स्पर्धा असते हे मी शिकवलं होतं. साबुदाण्याच्या पापड्यांशी, कुरडयांशी आणि सांडग्यांशीही असते, हे कुठल्याही पाठ्यपुस्तकात नव्हतं. सकाळी मी कुंड्या उन्हात आणायची. नऊच्या सुमाराला काकू साडी पसरायच्या आणि 'जराश्या' कुंड्या बाजूला करायच्या, म्हणजे टाकीमागे. दुपारी पापड्या उलटायला त्या खाली-वर करत असताना मी कुंड्या परत पुढे. माझ्या वांग्यांनी त्या दोन महिन्यांत जेवढा प्रवास केला तेवढा मी निवृत्तीनंतर केलेला नाही. वनस्पती एका जागी स्थिर असतात, हे विधान मी मनातल्या मनात खोडून टाकलं. त्या वर्षी काकूंच्या कुरडया मात्र फार सुरेख झाल्या. आम्हालाही अर्धा डबा आला.

मातीची हकीकत आधी सांगायला हवी होती. कोरेगाव रस्त्याला एक रोपवाटिका आहे, तिथं माती आणायला गेले. काउंटरमागून एक पस्तिशीचा, मिशाळ माणूस उठला, वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "बाई, ओळखलंत?" शिक्षकाला नाव आठवत नाही, बाक आठवतो. खिडकीकडची रांग, शेवटचा बाक, सातवी 'क'.

"ओळखलं की. तू विज्ञानात..."

"दोन. पाचपैकी दोन दिले होते तुम्ही. घटकांच्या प्रश्नाला."

आणि मग गिऱ्हाइकांसमोर त्यानं अख्खं उत्तर म्हणून दाखवलं. "एक ऊन. दोन पाणी. तीन शेण. चार शेळी. पाच आमची आजी."

मला सगळं आठवलं. तो पेपर मी शिक्षक-खोलीत मोठ्यानं वाचून दाखवला होता आणि मधल्या सुट्टीचा चहा आम्हा सगळ्यांना हसता हसता गार झाला होता. पहिल्या दोन घटकांना एकेक गुण, बाकीच्या तिघांवर तांबडी रेघ. शेळीपुढे तर मी उद्गारचिन्हही काढलं होतं.

"माती किती देऊ?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, नुसती लाल माती दे, सहा पोती. तो म्हणाला, "बाई, नुसती नका नेऊ. एक भाग माती, एक भाग शेणखत नाही तर गांडूळखत, एक भाग कोकोपीट आणि वर मूठभर निंबोळी पेंड." पाचपैकी दोन गुणांच्या विद्यार्थ्याकडून मिश्रण शिकायचं? मी लाल मातीच घेतली. पुस्तकात 'माती' असंच लिहिलंय.

ती सहा पोती चार जिने चढवताना ह्यांनी मला एक शास्त्रीय प्रश्न विचारला : "झाड नक्की माती खातं का गं? नसेल खात, तर एवढी कशाला?" प्रश्न फार जुना आहे. सतराव्या शतकात फान हेल्मोंट नावाच्या फ्लेमिश गृहस्थानं त्यावर पाच वर्षं घालवली. २०० पौंड कोरडी माती वजन करून पिंपात भरली, त्यात पाच पौंडांचं विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड भरलं १६९ पौंड. माती परत वाळवून तोलली तर जेमतेम दोन औंस कमी. त्यावरून त्यानं ठरवलं, की झाड म्हणजे सगळं पाणीच. हवेतला कार्बन डायऑक्साइड त्याच्या हिशोबात आला नाही. गंमत अशी, की या वायूचा अभ्यास करणाऱ्या अगदी पहिल्या माणसांपैकी तो स्वतःच होता आणि 'गॅस' हा शब्दही त्याचाच. उत्तर पाकिटात आणि माणूस पाकीट शोधतोय. ही गोष्ट मी दुसऱ्या जिन्यावर सांगायला सुरुवात केली. ह्यांनी पोतं खाली ठेवलं आणि म्हणाले, "दोन औंस. म्हणजे पाच वर्षांत एक मूठ. आणि आपण सहा पोती." उरलेली चार पोती दुसऱ्या दिवशी चढली.

लाल मातीनं तीन आठवड्यांत माझा निकाल लावला. पाणी घातलं की वर तळं, आणि सुकलं की वीट. बोट खुपसायला गेले तर नख मोडलं. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतून ती मिळते, आणि नुसती लाल माती कुंडीत दाबून बसली की पोकळ्याच उरत नाहीत. 'हवा' हा घटक मी एकतीस वर्षं पानांभोवती शिकवला. तो खाली, अंधारात, मुळांशीही लागतो, हे माझ्या नखाला पहिल्यांदा समजलं. परत गेले रोपवाटिकेत. तो काही बोलला नाही. कोकोपीटच्या विटा आणि खताची पिशवी त्यानं आधीच बांधून ठेवली होती.

पाण्याचं म्हणाल, तर आमच्या घरात पाण्याचा तुटवडा कधीच झाला नाही. मी सकाळी सहाला घालायची. हे फिरून आले की 'बिचारी सुकलीत' म्हणून सातला घालायचे. पेपरवाला वर पेपर टाकायला येतो, त्याला आम्ही दोघांनीही वेगवेगळं सांगून ठेवलेलं, की आम्ही विसरलो तर घाल. तो विसरायचा नाही. शिवाय भर दुपारी पानं माना टाकतात. कडक उन्हात पानांतून पाणी उडतं त्या वेगानं मुळं ते ओढू शकत नाहीत. संध्याकाळी पानं आपोआप सावरतात. पण दुपारी बघणाऱ्याला ते बघवत नाही, म्हणून चौथ्यांदा पाणी. वांग्याची पाच रोपं अशी प्रेमानं मेली. उपटून पाहिलं तर मुळं काळी आणि मऊ. सासूबाईंना एक रोप खाली आणून दाखवलं. त्यांचं वय ८६, गुडघे दुखतात, गच्चीवर येत नाहीत. त्यांनी कुंडीत बोट दुसऱ्या पेरापर्यंत घातलं, साडीला पुसलं आणि म्हणाल्या, "बोट ओलं निघालं तर घालू नये, कोरडं निघालं तर घालावं. एवढं शिकवत नाहीत व्हय शाळेत?"

शिकवत नाहीत. बोटाला गुण नसतात.

तापमानाबद्दल फार लिहीत नाही, कारण त्यात माझा दोष नव्हता. मे महिन्यात पारा ३५च्या वर गेला की टोमॅटोचे परागकण निकामी होतात आणि झाड फुलं गाळून टाकतं. मे महिन्यात टोमॅटो फुलावर यावा असा मुहूर्त काढला कुणी, एवढंच विचाराल तर तो मी काढला.

जूनमध्ये नव्यानं सुरुवात केली. मृगाचा पहिला शिडकावा झाला, ह्यांनी गच्चीवर उभं राहून 'पेरते व्हा, पेरते व्हा' असं पावशासारखं ओरडून घेतलं आणि मी बिया लावल्या. भेंडीचं बी 'परभणी क्रांती'. परभणीच्या कृषी विद्यापीठाची ही जात हळद्या रोगाला, म्हणजे पानाच्या शिरा पिवळ्या पडतात त्या विषाणूला, दाद देत नाही म्हणून नावाजलेली. शिवाय टोमॅटो, मिरची, आणि रोपवाटिकावाल्यानं मूठभर फुकट दिलेल्या दुधीच्या बिया. कोथिंबिरीचे धणे सासूबाईंनी चपलेखाली रगडून दोन दोन फाका करून दिले. मी आधी अख्खे टाकले होते आणि पंधरा दिवस मातीकडे बघत बसले होते.

मग खत. आता मात्र मी अभ्यास करून उतरले. जीवामृत करायचं ठरवलं. त्याचं प्रमाण एकराला असतं : १० किलो देशी गाईचं शेण, १० लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन, बांधावरची मूठभर माती आणि २०० लिटर पाणी. माझी शेती ६० चौरस फूट. एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. त्रैराशिक मांडलं. माझ्या वाट्याला शेण पावणेचौदा ग्रॅम आणि बेसन पावणेतीन ग्रॅम. पावणेतीन ग्रॅम बेसनात एक भजं होत नाही. शिवाय सोनाराचा काटा घरात नाही. म्हणून मी अंदाजानं बादलीभर केलं. तिसऱ्या दिवशी ते ऐन रंगात आलं, आणि त्याच संध्याकाळी गच्चीवर सोसायटीची वार्षिक सभा. त्या सभेत सगळे विषय अकरा मिनिटांत एकमतानं मंजूर झाले. असं आमच्या इमारतीच्या इतिहासात याआधी झालेलं नाही. सेक्रेटरी नाकावर रुमाल धरून म्हणाले, पुढच्या वर्षीही करा.

झाडं खूश होती. पण ह्यांना धीर नाही. ह्यांनी मला न सांगता चहाच्या चमच्यानं युरिया घातला. एकदा नाही, दर रविवारी. युरियात नत्र ४६ टक्के असतं. आमच्या शाळेत ४६ टक्के म्हणजे काठावरचा विद्यार्थी. कुंडीत मात्र हा हाताबाहेरचा हुशार. टोमॅटो छातीएवढे झाले. हिरवेगार, काळपट हिरवे, पान तळहाताएवढं. लोक बघायला यायचे. फूल एक नाही. नत्र जास्त झालं की झाड पानं करत सुटतं, फुलाफळांचं नाव घेत नाही. त्या कोवळ्या लुसलुशीत पाल्यावर मावा तेवढा आनंदानं उतरतो, आणि माव्याच्या गोड चिकट स्रावासाठी मुंग्या त्याची राखण करतात. माझ्या कोपऱ्यात एकूण तीन जणांची शेती चालली होती. त्यातली फायद्यात एकट्या मुंग्यांची.

यावर लीबिग नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाचा नियम आहे. नियम आधी श्प्रेंगेलनं मांडला, नाव झालं लीबिगचं. वर्गातही उत्तर मागच्या बाकावरून येतं आणि शाबासकी पुढच्या बाकाला मिळते. नियम समजावताना पिंपाचं चित्र काढतात. पिंपाच्या फळ्या कमी-जास्त उंचीच्या असतील, तर पाणी सगळ्यात बुटक्या फळीपर्यंतच ठरतं. बाकीच्या फळ्या आकाशाला टेकवल्या तरी थेंब वाढत नाही. माझ्याकडे ऊन अपुरं आणि ह्यांच्याकडे युरिया उदंड. बुटकी फळी तशीच, आणि आम्ही दोघं उंच फळीला रोज पॉलिश करतोय.

रोपवाटिकावाल्याला शेवटी घरी बोलावलं. तो गच्चीवर आला, टोमॅटोंभोवती एक चक्कर मारली, शेंगदाण्याएवढं तोंड करून उभा राहिला. मग म्हणाला, "बाई, रोग नाहीये काही. शिकवण्या जास्त झाल्यात."

युरिया बंद केला. कुंड्या टाकीमागून कायमच्या बाहेर आल्या, कारण वाळवणाचा हंगाम संपला होता आणि काकूंना मी पुढच्या कुरडयांचा चीक घाटायला येते असं कबूल केलं होतं. सप्टेंबरात टोमॅटोला फुलं दिसली. पण दिसायची आणि गळायची. टोमॅटोचं फूल एकलिंगी नसतं, सगळं एकाच फुलात असतं. पण परागकण पुंकेसरांच्या नळीत बंद असतात आणि ती नळी थरथरली की बाहेर पडतात. काळा भुंगा फुलाला लटकून गुरगुरतो, तो त्यासाठीच. मधमाशीला ती कला येत नाही. मोकळ्यावर वाऱ्यानंही भागतं, पण आमच्या गच्चीला आठ मजली आडोसा. भुंगा काही आला नाही. मग मला आठवलं, मुलानं ह्यांना वाढदिवसाला बॅटरीवर चालणारा दात घासायचा ब्रश पाठवलाय.

सकाळचे साडेनऊ. फुलाच्या देठामागे ब्रशची पाठ टेकवली, कळ दाबली. गुर्रर्र. उन्हात पिवळी धूळ बारीक उडाली. एवढीशी, चष्मा नसता तर दिसली नसती. एकतीस वर्षं फळ्यावर पिवळ्या खडूनं काढलेले परागकण मी पहिल्यांदा पाहिले. दुसऱ्या फुलाला लावला. तिसऱ्या. खालून हाक आली : "अगं, माझा ब्रश कुठाय?" मी वरून ओरडले, "टोमॅटोला लावलाय, आणते!" चारही मजल्यांच्या खिडक्या उघडल्याचं मी स्वतः ऐकलं.

दुधीचं तर रात्रीचं काम. दुधीची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात आणि सकाळी कोमेजतात. नरफूल लांब देठाचं, मादीफुलाच्या पाठीशी जन्मापासून इवलासा दुधी. पतंग येऊन हे काम करतात. आमच्याकडे पतंग सगळे जिन्यातल्या दिव्याला. म्हणून सातनंतर मी बॅटरी घेऊन जायची, नरफूल खुडायची, पाकळ्या सोलायची आणि मादीफुलात हलकेच फिरवायची. हा पाठ वर्गात मी नेहमी घाईघाईनं घेतला, मुलं खुसुखुसु हसायची म्हणून. एकदा काकू मागे येऊन उभ्या राहिल्या. "बाई, अंधारात काय करताय?" मी म्हटलं, "लग्न लावतेय." काकू आल्या पावली गेल्या. करणीचा संशय त्यांना पुन्हा आला असावा.

पण नरफुलं शंभर आणि मादी एखादी. सासूबाई खाली पलंगावरून म्हणाल्या, "शेंडा खुडलास का?" वेलाचा शेंडा खुडला की फुटवे येतात. फुटव्यांचे शेंडे खुडले की त्यांना पुन्हा फुटवे, आणि त्या नातवंडांना मादीफुलं भरपूर. मूळ वेलावर सगळे रिकामे नवरदेव. मी रोपवाटिकावाल्याला फोन केला. "हो बाई, त्याला थ्री-जी कटिंग म्हणतात," तो म्हणाला. तीन पिढ्या. म्हणजे थ्री-जी माझ्या घरात पलंगावर बसलेली होती आणि मी रेंज नाही म्हणून गच्चीवर हिंडत होते.

आता शेळी. चौथ्या मजल्यावर शेळी येत नाही, म्हणून मी निर्धास्त होते. ऑक्टोबरात टोमॅटोंनी रंग धरला. सोळा मोजले होते. त्या सकाळी किल्ल्याच्या बाजूनं वानरांची टोळी आली. मी जिन्याच्या दारात, हातात पाण्याची झारी. म्होरक्यानं एक टोमॅटो तोडला, एक घास घेतला, माझ्याकडे बघून तोंड वाकडं केलं आणि टाकून दिला. दुसरा तोडला, पुन्हा तेच. प्रत्येक फळ त्यानं स्वतंत्रपणे तपासलं; पेपर तपासताना मीसुद्धा एवढी चिकाटी दाखवलेली नाही. भेंडीचे शेंडे पिल्लांनी खाल्ले, आणि टाकीवर चढून सर्वांनी माझ्याकडे पाठ केली. पाच टोमॅटो राहिले. शेळी हे जनावराचं नाव नाही हो, हुद्दा आहे. त्या हुद्द्यावर कधी मावा असतो, कधी पिठ्या ढेकूण, कधी कबुतरं, कधी गच्चीवर क्रिकेट खेळणारी दुसऱ्या मजल्यावरची मुलं, कधी वानर. खुर्ची मोकळी राहत नाही.

दुधीला मात्र कुणी हात लावला नाही. वानरांनीही नाही. नोव्हेंबरपर्यंत त्या एका वेलाला तेवीस दुधी लागले. सोसायटीच्या अटीप्रमाणे मी सभासदांना वाटा द्यायला सुरुवात केली. पहिला आठवडा कौतुक, दुसऱ्या आठवड्यात हलवा, तिसऱ्या आठवड्यात मी बेल वाजवली की आतला टीव्ही बंद व्हायचा. दिवाळीनंतरच्या सभेत ठराव आला, की उत्पन्नातील वाटा घेणे सभासदांस ऐच्छिक असावे. एकमतानं मंजूर.

वर्षाचं पीक लिहून ठेवलंय. टोमॅटो पाच, भेंडी दीड किलो, मिरच्या मुबलक, कोथिंबीर चार वेळा, दुधी तेवीस, वांगी शून्य.

गेल्या आठवड्यात दोन दुधी घेऊन कोरेगाव रस्त्याला गेले. गर्दी होती. बिलबुकातला एक कोरा कागद मागून घेतला, पर्समधलं तांबडं पेन काढलं आणि त्याचं उत्तर एकाखाली एक लिहिलं, त्यानं पेपरात लिहिलं होतं तसंच. ऊन, बरोबर. पाणी, बरोबर. शेण, बरोबर. चौथ्याला, आणि मग 'आमची आजी'लाही, सगळ्यांसमोर बरोबरची खूण केली. खाली बेरीज मांडून कागद त्याच्या हातात दिला.

त्यानं दोनदा वाचला. मिशीतून हसला, मग थबकला. "साडेचार? बाई, आता अर्धा कशाचा कापला?"

"शेळीचा. पेपरात तू ळि ऱ्हस्व काढला होतास."